टोपडं विकतचं, खोळ घरची

तुमचं मूल येत्या एप्रिलमध्ये तोक्यो-योकोहामाच्या पट्ट्यातल्या जपानी शाळेत पहिलीत जाणार असेल, तर थंडी संपायच्या आत शाळेकडून एक यादी हातात पडेल. घरातल्या बुटांची पिशवी, खेळाच्या कपड्यांची पिशवी, पुस्तकांची पिशवी, फरशी पुसायचं फडकं. प्रत्येकाचं माप सेंटिमीटरमध्ये. हे सगळं दुकानात मिळतं, पण बऱ्याच घरांत आई किंवा आजी ते हौसेने (किंवा नाइलाजाने) शिवते. मी पॉलिमरवर काम करते, तंतू कसा ताणतो आणि कसा तुटतो यावर माझा प्रबंध आहे, आणि तोवर मी शर्टाची बटणं सोडून आयुष्यात काहीही शिवलं नव्हतं.

आमच्या यादीत शेवटी एक वस्तू होती जिचं नाव मला शब्दकोशात बघावं लागलं: बोसाइ झुकिन. बोसाइ म्हणजे आपत्तीपासून बचाव, झुकिन म्हणजे डोक्यावरून घ्यायचं वस्त्र. कापसाने किंवा फोमने भरलेली, डोकं, कान आणि मान झाकून खांद्यावर येणारी जाड टोपी. एरवी ती घडी करून खुर्चीवर ठेवायची, मूल रोज तिच्यावरच बसतं. भूकंप झाला की काढायची आणि डोक्यावर चढवायची. सोबत खोळही हवी, खुर्चीला बांधता येईल अशी.

सोलापूरला आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर मिनिटभरात आलं, "अगं, ही तर कुंची! तुझ्या बाळंतविड्यात होती तशी. विकत कशाला घेतेस, मी शिवते की. वरून सुती, आत माझ्या जुन्या साडीचं अस्तर, मध्ये चार पदर. गोधडीसारखे दाट टाके घालते."

मी जवळजवळ हो म्हणून बसले होते. मग तीन-चार आठवडे मी त्या प्रस्तावित कुंचीचा हिशेब करत राहिले. तो हिशेब इथे मांडते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी हाच फोटो आणि हेच उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे.

आईची कल्पना जपानला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात इथल्या बायकांनी जुन्या किमोनोचं कापड आणि कापूस घेऊन मुलांसाठी असल्याच टोप्या घरोघरी शिवल्या. त्यांना बोकू झुकिन म्हणत, म्हणजे हवाई हल्ल्यातली टोपी. आगीचे बॉम्ब पडत, ठिणग्या उडत, तेव्हा ती पाण्यात भिजवून डोक्यावर घ्यायची. 29 मे 1945 ला भरदिवसा योकोहामावर असे बॉम्ब पडले आणि शहराचा मोठा भाग जळाला. आजची शाळेतली झुकिन त्याच टोपीची वारस आहे.

त्याच्याही मागे जायचं तर एदो काळातले अग्निशामक. त्यांचे अंगरखे, हिकेशी बांतेन, सुती कापडाचे अनेक पदर एकावर एक ठेवून साशिकोच्या टाक्याने शिवलेले असत. साशिको म्हणजे आपला धावदोराच: सुई खाली, वर, खाली, वर. आगीत शिरण्यापूर्वी हे लोक अंगावर पाणी ओतून घेत, आणि अंगरख्याचे पदर ते पाणी धरून ठेवत.

हे पाणी नेमकं काय करतं? एक लिटर पाणी 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 335 किलोज्यूल उष्णता लागते. पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी जवळजवळ 2,260 किलोज्यूल लागतात. म्हणजे पदरांमध्ये पाणी आहे तोवर बाहेरची आग आपली बहुतेक ताकद वाफ करण्यात घालवते आणि ओलं कापड 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. सुती कापड पेटायला याच्या कितीतरी पट जास्त तापमान लागतं. भिजलेली गोधडी पेटत नाही ती यामुळे.

फुकट मात्र काहीच नसतं. कोरड्या गोधडीची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेमुळे असते. स्थिर हवेची उष्णतावाहकता मीटरला आणि अंशाला साधारण 0.025 वॅट, पाण्याची 0.6. हवेच्या जागी पाणी शिरलं की उष्णता आत यायचा रस्ता वीसपटीहून जास्त रुंद होतो, वाफेने भाजण्याची भीती वेगळीच. शिवाय वजन. अर्ध्या किलोच्या टोपीने लिटरभर पाणी प्यायलं तर सहा वर्षांच्या मानेवर दीड किलो आलं. अग्निशामक गडी ते पेलत होते. माझी लेक दप्तरानेच मागे कलते.

आणि वर्गात भिजवणार कोण, कधी? शाळेतली झुकिन कोरडीच वापरली जाणार. म्हणून खरा प्रश्न असा: कोरडी, आईच्या हातची कुंची ठिणगीला काय उत्तर देईल?

कापूस, पॉलिएस्टर आणि वात

कपड्यांच्या ज्वलनशीलतेसाठी एक साधं माप आहे, ऑक्सिजन निर्देशांक. नमुना उभा धरून मेणबत्तीसारखा वरून पेटवायचा आणि तो जळत राहायला भोवतालच्या वायूत कमीत कमी किती टक्के ऑक्सिजन लागतो ते बघायचं. कापसाचा निर्देशांक सुमारे 18. पॉलिएस्टरचा 20-21. लोकरीचा 25 च्या आसपास. अग्निशामकांच्या आजच्या कपड्यांत असतो त्या अरामिड तंतूचा 28-29. आता आपल्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के आहे. कापूस या रेषेच्या बराच खाली, म्हणजे एकदा पेटला की आपण होऊन जळत राहणारा. लोकर वर, म्हणजे ज्योत काढली की बहुधा विझणारी.

(यावरून एका मैत्रिणीने विचारलं, मग लोकरीची विणून दिली तर? ठिणगीपुरतं उत्तम. पण विणकाम म्हणजे फासेच फासे. ते ताणतात, म्हणून कानटोपी डोक्याला बसते, आणि दाबलं तर लगेच चपटे होतात. वरून काही पडलं तर कानटोपीचा उपयोग जवळजवळ शून्य.)

कापूस असा का वागतो? उष्णतेने सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून त्यांचे जळाऊ वायू होतात. ज्योत त्या वायूंची असते. ज्योतीच्या उष्णतेने आणखी साखळ्या तुटतात आणि चक्र चालू राहतं. ज्वालारोधक प्रक्रियेत बऱ्याचदा फॉस्फरसची संयुगं वापरतात. ती सेल्युलोजमधलं पाणी आधीच काढून टाकायला लावतात, त्यामुळे वायूऐवजी कोळसा जास्त बनतो. कोळसा तिथेच राहतो, ज्योतीला खाद्य कमी पडतं.

पॉलिएस्टरची गोष्ट निराळी. ते 260 अंशांच्या सुमारास वितळतं, ज्योतीपासून आक्रसून दूर जातं, थेंब होऊन गळतं. गळताना थोडी उष्णताही घेऊन जातं. कातडीवर पडलं तर चिकटून भाजतं, हा त्याचा दुर्गुण.

आईच्या आराखड्यातला खरा धोका मला इथे दिसला. वरून सुती, आत जुन्या साडीचं अस्तर. कोणती साडी, विचारलं तर म्हणाली, ती गुलाबी, धुवायला सोपी. म्हणजे पॉलिएस्टर. सुती आणि पॉलिएस्टर जवळजवळ असले की दोघांचे अवगुण एकत्र येतात. कापूस जळून त्याचा कोळशाचा सांगाडा उभा राहतो, वितळलेलं पॉलिएस्टर गळून जायच्या ऐवजी त्या सांगाड्यात शोषलं जातं आणि तिथेच जळतं. मेणबत्तीत वात असते आणि मेण असतं, तसंच. मिश्र कापड त्याच्या दोन्ही घटकांपेक्षा वाईट जळू शकतं ते यामुळे, आणि वेगवेगळे पदर एकावर एक शिवले तरी हा धोका राहतो.

घरी पडताळून बघायचं असेल तर कापड पेटवू नका, पाच सेंटिमीटरचा धागा पुरे. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, स्टीलच्या चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून, आणि मुलांना दोन हात लांब उभं करून. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो, राख मऊ राखाडी. पॉलिएस्टर आक्रसून टणक मणी होतो. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि ती बहुतेकदा मधेच विझते. आईच्या पार्सलमध्ये आलेल्या त्या गुलाबी साडीच्या धाग्याचा मणी झाला. मी तो जपून ठेवलाय.

दुकानातल्या चांगल्या झुकिनवर बोएन म्हणजे ज्वालारोधक असल्याची खूण असते. जपानची ज्वालारोधक वस्तूंची संस्था तपासणी करून ती देते. वरचं कापड बहुधा ज्वालारोधक पॉलिएस्टर, बऱ्याचदा त्यावर ॲल्युमिनिअमचा पातळ थर असतो. आगीची बरीच उष्णता किरणांनी येते आणि चकचकीत धातू ती परतवतो. हा थर घरी शिवता येत नाही. एक सूचना: धुताना कापड मऊ करणारं सॉफ्टनर घालू नका. तंतूंवर त्याचा जो लेप बसतो तो स्वतः जळणारा असतो, आणि ज्वालारोधक गुण त्याने कमी होऊ शकतो.

वरून काही पडलं तर

आग हा अर्धा भाग. उरलेला अर्धा, पडणाऱ्या वस्तू.

एक किलोचा शब्दकोश एक मीटरवरून डोक्यावर पडला असं समजा. ऊर्जा जवळजवळ 10 ज्यूल. डोकं जागचं हललं नाही आणि शब्दकोश 2 मिलिमीटरच्या अंतरात थांबला, तर सरासरी बल 5,000 न्यूटन, म्हणजे अर्धा टन वजन ठेवल्यासारखं. तोच 2 सेंटिमीटरमध्ये थांबला तर 500 न्यूटन, म्हणजे 50 किलो. ऊर्जा तीच, अंतर दहापट, बल दहावा हिस्सा. गादी, उशी, हेल्मेट, सगळ्यांचं गणित एवढंच.

मग 2 सेंटिमीटर जाडीची गोधडी पुरेल? नाही. ती 2 सेंटिमीटर दिसते खरी, पण त्यातली पहिली दीड नुसत्या तळहाताने दाबली तरी जाते. मधली हवा निघून जाते, तंतू एकमेकांवर बसतात आणि मग गोधडी एकदम कडक होते. सुरुवातीच्या अंतरात तिने ऊर्जा फारशी घेतलेलीच नसते, आणि शेवटच्या चार-पाच मिलिमीटरवर सगळा भार येतो. सायकलच्या हेल्मेटमधला पांढरा फोम याच्या उलट वागतो. तो सुरुवातीपासून बऱ्यापैकी एकसारखा विरोध करत चुरगळत जातो, प्रत्येक मिलिमीटर कामाला लावतो. एकदाच. म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट टाकून द्यावं लागतं.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पसरट डब्यात कणीक थापा, वर कापडाचे पदर ठेवा, अर्ध्या मीटरवरून एक वजनमाप सोडा आणि पदर उचलून खड्डा बघा. आधी बिनकापडाचा, मग चादरीची घडी, मग गोधडी, मग भांडी घासायचा फोम. आमच्याकडे लेकीने हे इतक्या वेळा केलं की त्या रात्रीच्या पोळ्या वातड झाल्या. तुम्हालाही बहुधा दिसेल की कापडाखाली खड्डा उथळ होतो त्याहून जास्त रुंद होतो. बल पसरतं, आणि पसरणं हाही बचावच आहे. फुटलेल्या काचेचा तुकडा किंवा गिलाव्याची कपची यांच्यासमोर दोन-चार दाट पदर खरोखर उपयोगी पडतात.

टाक्यांचं काम इथे वेगळं आहे. धावदोरा गोधडीला मजबूत करतो असं आपण म्हणतो, पण आघात तो शोषत नाही. टाका पडतो तिथे जाडी उलट चिमटली जाते. त्याचं काम पदर सरकू न देणं, भरण एका कोपऱ्यात गोळा होऊ न देणं. टाके विरळ ठेवले तर सहा महिन्यांत कापूस खाली उतरतो आणि टाळूवर नुसतं कापड उरतं. फार दाट घातले तर हवाच राहत नाही. आई दोन ओळींत बोटभर अंतर ठेवते. का, विचारलं तर म्हणते, तसंच असतं. धावदोऱ्यात आणखी एक गुण आहे: एक टाका तुटला तरी शेजारचे तग धरतात, कारण धागा प्रत्येक वेळी कापडातून जातो आणि घर्षणाने अडून राहतो. तांदळाच्या पोत्याच्या तोंडची साखळीची शिवण आठवा. योग्य टोक सापडलं की एका ओढीत सगळी सुटते. पोत्याला ते सोयीचं, कुंचीला नाही.

सोलापूरकडची असल्यामुळे मला पुढचं लिहिणं भाग आहे. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मी पाच वर्षांची होते. आमचं घर नुसतं हललं. भांडी पडल्याचा आवाज आणि नंतर कितीतरी रात्री अंगणात झोपणं एवढंच आठवतं. पण लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, अशी ती घरं. माणसं पांघरुणात होती. तिथे पडणाऱ्या एकेका दगडाची ऊर्जा आपल्या शब्दकोशाच्या कितीतरी पट. त्यापुढे कुठलीही टोपी, आईची किंवा कंपनीची, निरर्थक. तिथे घर उभं राहायला हवं होतं.

योकोहामात 1 सप्टेंबर 1923 ला हे दोन्ही धडे एकदम मिळाले. दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना जमीन हलली. घरं पडली आणि चुली पेटलेल्या असल्याने आग लागली. कान्तो भागात एक लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बहुसंख्य आगीत. तुम्ही इथे फिरायला आलात तर समुद्रकाठच्या यामाशिता बागेत भारतीय पद्धतीचा घुमट असलेला एक पाणवठा दिसेल. भूकंपात योकोहामाच्या लोकांनी केलेल्या मदतीची आठवण म्हणून इथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी तो बांधून दिला. तुम्ही ज्या जमिनीवर उभे राहून फोटो काढता ती बाग भूकंपाच्या ढिगाऱ्याची भर घालून केली आहे, 1930 साली ती खुली झाली. 1 सप्टेंबर हा आता देशभर आपत्ती निवारणाचा दिवस असतो आणि त्या सुमारास शाळांत कवायती होतात. मुलं आधी बाकाखाली शिरतात, धक्के थांबले की झुकिन घालून रांगेत बाहेर पडतात. ओ-का-शि-मो हे त्यांना पाठ असतं: ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. झुकिनला कानापाशी भोकं असतात ती याच्यासाठी, बाईंचं ऐकू आलं पाहिजे. आईच्या कुंचीला ती नसती.

तेव्हा माझा निर्णय असा: मोठा बचाव इमारतीचा आणि भिंतीला पक्क्या केलेल्या कपाटांचा, त्याखालोखाल बाकाचा. झुकिन काचा, कपच्या आणि ठिणग्यांसाठी, बाहेर पडण्याच्या त्या दहा मिनिटांपुरती. घडीचं हेल्मेट आघाताला तिच्याहून सरस आहे आणि काही शाळा तिकडे वळतायत. आमच्या शाळेने झुकिन मागितली, मी खूण बघून ती विकत घेतली.

आईला हे सांगणं भौतिकशास्त्राहून अवघड होतं. "म्हणजे माझ्या हातचं पेटतं, असं म्हण की," ती म्हणाली. मी मण्याचा फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला, "खोळीचं माप सांग."

खोळ

खोळ ही बिनमहत्त्वाची गोष्ट वाटते. तशी ती नाही. झुकिन खोळीतून निघाली नाही तर बाकी सगळं फुकट.

आईने सोलापुरी चादरीची खोळ शिवली. मोरांची नक्षी, घट्ट, देखणी, कडा उलटी टीप घालून पक्क्या. लेकीने पहिल्यांदा झुकिन ओढली तेव्हा खुर्चीच उचलली गेली. जॅकार्डच्या विणीत नक्षीसाठी धागे लांब लांब मोकळे सोडलेले असतात, झुकिनचं वेल्क्रो त्यांतच रुतलं होतं. शिवाय माप अगदी बरोबर घेतलेलं, म्हणजे चारी बाजूंनी घर्षण. आईने खोळ उशीच्या अभ्र्यासारखी शिवली होती. उशी अभ्र्यातून निघू नये अशीच आपली अपेक्षा असते.

दुसरी खेप आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर शिवली, सोलापुरात सकाळ आणि इथे दुपार. आत गुळगुळीत नायलॉनचं अस्तर, रुंदीत दोन बोटं सैल, तोंड लांबट बाजूला. तोंडाच्या गोलाईला उरेब पट्टी, कारण तिरकं कापलेलं कापड वळणावर ताणतं आणि चुणी पडत नाही. खुर्चीला बांधायचे बंद मात्र उभ्या धाग्यात कापलेले. मी पहिल्यांदा तेही तिरके कापले होते, आठवड्यात लोंबायला लागले असते. "एवढी शिकलीस," आई म्हणाली, "आणि कापड कसं धरायचं ते माहीत नाही." मला ताण आणि विकृतीचे आलेख माहीत होते. कात्री कुठून लावायची ते नव्हतं.

आता झुकिन तीन सेकंदांत निघते. खोळ सुती आहे, ती पेटू शकते, पण ती खुर्चीवरच राहते. आतल्या बाजूला आईने देवनागरीत नाव काढलंय आणि मी त्याखाली काताकानात, बाईंना वाचता यावं म्हणून. झुकिनच्या चिठ्ठीवर रक्तगट लिहायचा असतो, तो लिहिताना हात जरा थांबला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत झुकिन धुवायला घरी येईल. रोज बसून बसून फोमची जाडी किती कमी झाली ते पट्टीने मोजायचं आहे. सहा वर्षं एकच झुकिन पुरेल असं दुकानदार म्हणतो. ते आकडा बघून ठरवेन.